विरळ हवेतले रक्त

काही वर्षांपूर्वी एका ओतकाम कारखान्याच्या व्यवस्थापकांकडे आम्ही भट्टीपाशी पंखे बसवण्याची मागणी घेऊन गेलो होतो. कागद बाजूला सारून ते शांतपणे म्हणाले, "अहो, त्यांना आता सवय झालीय." यावर काय बोलावे ते आम्हांस त्या दिवशी सुचले नाही. सवय होते हे खोटे नव्हते. ती कशी होते आणि कुठवर होते, हे मात्र आम्हांला ठाऊक नव्हते. ते शोधता शोधता आम्ही दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात जाऊन पोचलो. अर्थात ग्रंथालयाच्या बाकावर बसून. पारिभाषिक शब्दांत चूकभूल झाल्यास जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

पेरू जिंकल्यावर स्पॅनिश लोकांनी १५३४ साली हौहा या सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील गावी राजधानी केली. वर्ष सरण्यापूर्वीच ती हलवण्याची चर्चा सुरू झाली. समुद्र दूर, लाकूडफाटा कमी, ही कारणे होतीच. पण घोड्या, डुकरे आणि कोंबड्या यांची वीण तिथे होत नाही, हेही एक कारण सांगितले गेले. जानेवारी १५३५ मध्ये समुद्राजवळ लिमा वसवले गेले. राज्यकर्त्यांनी जनावरांचे म्हणणे ऐकले, असे म्हणावयास हरकत नाही!

माणसांचे मात्र ऐकले नाही. १५४५ साली पोतोसीला चांदी सापडली. तिथली उंची सुमारे ४,००० मीटर. हवेचा दाब समुद्रकाठच्या तीनपंचमांश. स्पॅनिश दांपत्यांची मुले तिथे पहिली त्रेपन्न वर्षे जगली नाहीत, असे कालांचा या पाद्र्याने लिहून ठेवले आहे. खाली खाणीत उतरत होते ते मूळचे डोंगरी लोक, 'मिता' नावाच्या वेठीवर आणलेले. ही वेठ कायद्याने बंद झाली ती १८१२ साली. खनिज वाहून नेण्यास लामा हा प्राणी होता. उंटाच्या कुळातला, पण पाठीवर मदार नसलेला.

विरळ हवेत शरीर करते तरी काय? १८८९ साली व्हियो नावाचा फ्रेंच डॉक्टर पेरूतील मोरोकोचा या खाणगावी, सुमारे ४,५०० मीटरवर, जाऊन राहिला आणि स्वतःचेच रक्त तपासू लागला. लिमात एका घन मिलिमीटरमध्ये पन्नास लाख तांबड्या पेशी होत्या. तीन आठवड्यांत त्या ऐंशी लाखांवर गेल्या. प्राणवायू कमी पडतो हे मूत्रपिंडाला कळते, ते एक द्रव्य रक्तात सोडते आणि हाडांतील मगज अधिक पेशी घडवू लागतो, हे पुढच्या शतकात उलगडले. माल तितकाच पोचवायचा, पण प्रत्येक गाडीत भरती कमी, म्हणून गाड्या वाढवायच्या, असा हा हिशेब आहे.

पण गाड्या फार झाल्या की रस्ता तुंबतो. वर्षानुवर्षे उंचावर राहिलेल्या काही लोकांचे रक्त इतके दाट होते की डोके ठणकते, ओठ निळे पडतात, हृदय थकते. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२५ साली हा आजार प्रथम वर्णिला. गुरांची गत निराळी. प्राणवायू घटला की त्यांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि गळ्याखाली, छातीपुढे पाणी साचते. कोलोराडोच्या डोंगरी कुरणांतील गुरांत हा रोग ग्लोव्हर व न्यूसम यांनी १९१५ साली नोंदला. जनावर वेळेवर खाली आणले तर बहुधा वाचते.

लामा यांपैकी काहीच करीत नाही. त्याचे रक्त फारसे दाट होत नाही. त्यातील तांबडे द्रव्यच असे आहे की विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडते. समुद्रकाठी वाढलेल्या लामातही हा गुण आढळतो. म्हणजे ती त्याची सवय नव्हे, ते त्याच्या कुळाचे देणे आहे, हजारो पिढ्यांनी कमावलेले. तीन आठवड्यांत पेशी वाढवणारा व्हियो आणि जन्मतःच तसा असलेला लामा, या दोघांना एकच 'सवय' हा शब्द लावणे हीच त्या व्यवस्थापकांची चूक होती. भट्टीपुढे घामही लवकर सुटू लागतो, हे खरे. पण ते पाणी कुठून तरी भरून यावे लागते.

लामाच्या रक्ताची ही तपासणी १९३५ साली चिलीत गेलेल्या एका आंतरराष्ट्रीय मोहिमेत झाली. डिल, कीज वगैरे तिच्यातील काही शास्त्रज्ञ हार्वर्डमधील, थकव्याचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेतले होते. (थकव्यासाठी प्रयोगशाळा असते हे वाचून आम्हांस फार बरे वाटले.) औकांकिल्चा पर्वतावर सुमारे ५,८०० मीटरवर गंधकाची खाण होती. कामगार सुमारे ५,३०० मीटरवर राहत आणि रोज कामासाठी पाचशे मीटर चढत. चढण वाचावी म्हणून खाणीच्या अधिक जवळ नवी वस्ती बांधून देण्यात आली. तिथे माणसांना भूक लागेना, झोप येईना, वजन उतरू लागले. आयुष्य त्या डोंगरात गेलेली माणसे ती! त्यांनी वरच्या खोल्या सोडल्या, खालच्या वस्तीत परत आले, आणि पूर्वीप्रमाणे रोज सकाळी चढून कामावर जाऊ लागले.