बोल्हाईचं मटण: पाटीवरची देवी, ताटातली मेंढी

पुण्यात मटणाच्या दुकानावर ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी दिसली की परगावच्या माणसाला ते कुण्या बोल्हाबाईंच्या हातची चव विकणारं दुकान वाटतं. जुन्या पुणेकराला अर्थ सांगावा लागत नाही: इथे शेळी-बोकड नाही, फक्त मेंढीचं मटण. बोल्हाई ही हवेली तालुक्यातल्या वाडे बोल्हाईची देवी. ज्या घरांत तिला पाळतात तिथे शेळीचं मांस वर्ज्य, मेंढीचं चालतं. या पाटीकडे कुळाचाराचं एक जुनं शेपूट म्हणून पाहायची पद्धत आहे. मला ते अपुरं वाटतं. आपण नेमक्या कोणत्या जनावराचं मांस घेतो आहोत, हे शहरी गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारातच कळण्याची सोय या व्यापारात ना नगरपालिकेने केली, ना बाजाराच्या भाषेने. ती केली एका देवीच्या नावाने.

गावात हा प्रश्नच नव्हता. जनावर चौघांच्या डोळ्यांदेखत कापलं जाई, ते कोणाच्या दावणीचं हे ठाऊक असे, आणि मांसाचे वाटे पडत. प्रत्येक वाट्यात मांडी थोडी, बरगडी थोडी, काळजाचा एखादा तुकडा. कापणारा मुलाणी गावगाड्यातलाच माणूस. त्याला फसवाफसवी परवडणारी नव्हती. शहराने ही साखळी तोडली. कत्तल एकीकडे, विक्री दुसरीकडे ही आधुनिक नगरपालिकेची शिस्त. मुंबईत १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं. शहराचा कत्तलखाना वांद्र्याला होता, तो १९७१ साली आणखी लांब देवनारला गेला. आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पशुवैद्याची तपासणी आणि धडावरचा शिक्का ही त्या शिस्तीचीच देणगी. पण मांस खाण्याजोगं आहे एवढीच ग्वाही तो शिक्का देतो. जनावर शेळी की मेंढी, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न तिथून दुकानदाराच्या तोंडी शब्दावर येऊन पडला.

त्यात भाषेनेही घोळ घातला. इंग्रजीत ‘मटन’ म्हणजे मेंढीचंच मांस. आपल्याकडे तो शब्द ‘मटण’ होऊन रुजला, सागुतीसारखे घरचे शब्द मागे पडले, आणि रुजताना त्याने शेळी-मेंढीतला भेद गिळून टाकला. खरं तर तो भेद करणाऱ्या शब्दांची मराठीत वाण नाही. दक्षिण महाराष्ट्रातला धनगर शेळीला शेरडू म्हणतो, आणि त्याची ‘बकरी’ म्हणजे मेंढरं. सरकारी आकडेवारीतही शेळी आणि मेंढी यांच्या मांसाचं उत्पादन वेगवेगळं मोजलं जातं. एकत्र होतं ते दुकानाच्या पावतीवर.

आकड्याला टांगलेल्या धडावर फरक ओळखता येतो. म्हणूनच जाणता खाटीक केसांच्या झुबक्यासकट शेपूट तशीच ठेवतो: शेळीची आखूड, वर वळलेली, मेंढीची लोंबती, लोकरीची. मेंढीच्या अंगावर कातडीखाली पांढऱ्या, घट्ट चरबीचा थर असतो. शेळीची चरबी बहुतेक आत, गुरद्यांभोवती. मेंढीच्या रश्शावरचा तवंग ताट गार होताच थिजतो. पण ठोकळ्यावर सुरा चालला, अर्धा किलोची पिशवी बांधली गेली, की हा सगळा पुरावा संपला. खिम्याबद्दल तर बोलायलाच नको. मग हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेशिवाय खात्रीने सांगणं अवघड. रविवारी सकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला प्रयोगशाळा काय कामाची? त्याला हवा असतो शब्द, आणि तो मोडला तर काही बिघडेल अशी दुकानदाराला वाटणारी भीती.

बोल्हाईच्या पाटीने नेमकं हेच दिलं. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या सुमारे १ कोटी ६ लाख, तर मेंढ्या सुमारे २७ लाख होत्या. म्हणजे मेंढीमागे जवळजवळ चार शेळ्या. एवढ्या तफावतीत मेंढीचं मांस ‘मटण’ या एका नावाखाली सहज बुडून गेलं असतं. पाटीमुळे त्याला स्वतःचं दुकान आणि बांधलेलं गिऱ्हाईक मिळालं. घोंगडीची मागणी घटून लोकरीला भाव उरला नाही, तेव्हा दख्खनी मेंढी पाळणाऱ्या धनगराची भिस्त मांसावर आली. अशा वेळी मेंढीच मागणारं गिऱ्हाईक शेजारच्या शहरात असणं ही लहान गोष्ट नव्हती.

यावर कोणी म्हणेल, पाटी म्हणजे पुरावा नव्हे. बोल्हाईच्या नावावर बोकड खपवायला कितीसा वेळ लागतो? लबाडी अशक्य आहे असं माझंही म्हणणं नाही. पण इथे फसलेल्या गिऱ्हाइकाचे नुसते पैसे जात नाहीत, त्याचा नेम मोडतो. एकदा बभ्रा झाला की त्या आळीतली पाळणारी सगळी घरं तुटतात. इतका महाग दंड क्वचितच एखाद्या नियमात असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खाण्याच्या बाजारात धर्माचं नाव आलं की माणसांत भिंती पडतात. पण ही पाटी काय सांगते ते नीट वाचावं. ती फक्त जनावर कोणतं ते सांगते. विकणारा कोण, घेणारा कोण, हे विचारत नाही. ज्याला देवीशी देणंघेणं नाही, फक्त मेंढीची चव हवी आहे, तोही याच दुकानात निर्धास्त जातो. श्रद्धेने घालून दिलेली खूण श्रद्धा नसलेल्याच्याही उपयोगी पडली, हे तिचं खरं यश.

पाळणारी घरं मात्र कमी होत जाणार, आणि पाटीमागचा धाकही त्यांच्याबरोबर विरळ होणार. तेव्हा जे काम देवीच्या नावाने फुकट होत होतं, ते आता पावतीने करावं. छापील बिलावर ‘मटण’ऐवजी ‘बोकड’ किंवा ‘मेंढी’ लिहायला शाई तेवढीच लागते.