जोयड्याचे कंद

ऋषिपंचमीला आपल्या घरोघरी ऋषीची भाजी शिजते. तिच्यात बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही. सुरण, अळू, परसातले कंद चालतात. आपण वर्षातून एकदा हौसेने खातो, ते जोयड्याच्या कुणबी घरांत नेहमीचे जेवण आहे.

उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होता. इंग्रजांच्या वनखात्याने कुमरीवर, म्हणजे रान जाळून करायच्या फिरत्या शेतीवर, निर्बंध आणले. पुढे काळी नदीवर धरण झाले. तालुक्याचे जुने ठाणे सुपा पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्याला आल्या, अनेक कुटुंबे रामनगरला वसली. एवढ्या उलथापालथीतही कुणब्यांनी परसातले कंद राखले.

हे वाण जपायला हवेत, असे म्हणणारे पुष्कळ. कुणबी समाजाने म्हणण्यापुढे पाऊल टाकले आणि जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरवला. आता दरवर्षी जानेवारीच्या सुमारास बायका मुडली, कोन, कणग मांडून बसतात. घरच्या खाण्याला गिऱ्हाईक मिळाले, तसे लावणाऱ्यालाही लावण्याचे कारण मिळाले. कंदाचे वाण कपाटात टिकत नाही. ते दर पावसाळ्याला मातीत जावे लागते.

१८९३ मध्ये पुण्यात घरातला गणपती चौकात आला, तोही कुणीतरी मांडव घातला म्हणूनच.

येत्या जानेवारीत आपण जोयड्याला जाऊ. कोनाचा एक कंद आणून पावसाआधी लावू. पुढच्या ऋषिपंचमीला त्याचा वेल दारच्या मांडवावर असेल.