काउबॉय हॅट, ट्रम्पेट आणि ख्रिसमस

डिसेंबरचा शेवट आला की आमच्या हापिसात सामसूम होते. अमेरिकेतला क्लायंट सुट्टीवर, नवीन कोड टाकायला बंदी, आणि आपण आपले "काही पडलंच तर" म्हणून घरून लॉगिन करून बसलेलो. अशाच एका शनिवारी ब्रेट एल्ड्रेजचा 'ग्लो' हा २०१६ सालचा ख्रिसमस अल्बम ऐकला.

हा एल्ड्रेज मूळचा इलिनॉय राज्यातल्या पॅरिस नावाच्या छोट्याशा गावचा (हो, तिथेही एक पॅरिस आहे!). नॅशव्हिलमध्ये नाव काढलेला कंट्री पॉप गायक. त्यामुळे गिटार आणि थोडं रडगाणं ऐकू येणार, असं मी गृहीत धरलं होतं. निघाला चक्क बिग बँड! ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा ताफा, मागे व्हायोलिनं, आणि फ्रँक सिनात्राच्या वळणाने शब्दांशी खेळत गाणारा हा गडी. निर्माते रॉब माउन्सी आणि जे न्यूलंड. त्यातला न्यूलंड म्हणजे नोरा जोन्सच्या, अर्थात पं. रविशंकरांच्या मुलीच्या, २००२च्या 'कम अवे विथ मी'वर काम केलेला माणूस.

माझी पहिली प्रतिक्रिया अशी, की हे सगळं मार्केटिंग आहे. शेतकरी शर्ट काढून वर्षातून एकदा सूट घालायचा, झालं. पण मग जरा मागचं वाचत गेलो आणि माझं मत बदललं.

एक कारण तर अगदी साधं आहे. आज ख्रिसमसची म्हणून जी गाणी सगळ्यांना पाठ असतात, त्यातली बरीचशी १९४०च्या दशकातली, म्हणजे स्विंग जॅझच्या भरातली. अर्विंग बर्लिनचं 'व्हाइट ख्रिसमस' बिंग क्रॉस्बीने गायलं १९४२ साली. 'लेट इट स्नो' आणि 'द ख्रिसमस साँग' दोन्ही १९४५ची, आणि गंमत म्हणजे दोन्ही लिहिली गेली कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात! दुसरं नॅट किंग कोलने १९४६ साली रेकॉर्ड केलं. तो मुळात जॅझ पियानोवादक. त्यामुळे कुठलाही गायक ख्रिसमस अल्बम करायला निघाला की तो आपोआप जॅझच्या अंगणात येतो.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. १९२०च्या दशकात अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांनी विक्रीच्या सोयीसाठी दोन वेगळ्या याद्या केल्या. गोऱ्या खेडुतांचं संगीत ते 'हिलबिली', आणि काळ्यांचं ते 'रेस रेकॉर्ड्स'. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा एकच, पण कुणीतरी टॅग वेगळे लावले आणि पुढच्या शंभर वर्षांत लोक टॅगलाच डेटा समजायला लागले.

वाजवणाऱ्यांनी मात्र ही भिंत कधीच नीट पाळली नाही. १६ जुलै १९३० रोजी कंट्री संगीताचा जनक मानला जाणारा जिमी रॉजर्स लॉस एंजेलिसमध्ये 'ब्लू योडेल नं. ९' गायला. ट्रम्पेटवर होता लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर त्याची बायको लिल हार्डिन. रेकॉर्डच्या लेबलवर ह्या दोघांची नावं नव्हती. ऑक्टोबर १९७० मध्ये जॉनी कॅशने आपल्या टीव्ही कार्यक्रमात आर्मस्ट्राँगला बोलावून तेच गाणं पुन्हा केलं. पुढच्याच वर्षी आर्मस्ट्राँग गेला. म्हणजे एका नावाला उघडपणे घरात यायला चाळीस वर्षं लागली.

मधल्या काळात १९३०च्या दशकात टेक्सस-ओक्लाहोमात बॉब विल्सने फिडल आणि सॅक्सोफोन एकाच बँडमध्ये बसवले. १९६२ साली रे चार्ल्सने उलट्या बाजूने येऊन कंट्री गाण्यांचा आख्खा अल्बम केला. १९७८ साली विली नेल्सनने 'स्टारडस्ट'मध्ये जुनी जॅझची लाडकी गाणी गायली. कंपनीला धास्ती होती, पण लाखो प्रती खपल्या.

आपल्याकडेही हे घडलंच की. आपल्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'त (१९५१) गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट वापरला. तो तर आर्मस्ट्राँगचा एकलव्यच. 'हे आपलं संगीत नव्हे' म्हणणारे तेव्हाही असणार. आज ती गाणी लागली की आपण त्यांना आपलीच म्हणतो.

तेव्हा 'ग्लो'मध्ये एल्ड्रेजने उसना सूट घातला असं मला आता वाटत नाही. वर्षभर वेगळी चूल मांडणारे दोन भाऊ दिवाळीला एका पंगतीत बसतात ना, तसं आहे ते. फक्त त्यातल्या एका भावाचं नाव लेबलवर घालायचं राहून गेलं होतं, हे ऐकताना आठवावं, एवढंच.

असो. अजून तरी काही पडलेलं नाही. अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावतो.