'बाबा ओ'रायली'चा षड्ज-पंचम

'द हू' या इंग्लिश बँडचं 'बाबा ओ'रायली' हे १९७१चं गाणं. नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा. जन्म पुण्यात, १८९४चा; समाधी नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादला. गीतकार-गिटारवादक पीट टाउनशेंड बाबांचा भक्त. बाबांनी १९२५पासून अखेरपर्यंत मौन पाळलं, आणि 'द हू'ची पुढे गिनीज बुकात नोंद झाली ती सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून. हे नवल रॉकवेड्यांना ठाऊक असतं. मला ओढ लागली ती नावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची.

आधी सुरुवातीच्या त्या नाचऱ्या सुरांविषयी. टाउनशेंडच्या डोक्यात 'लाइफहाउस' नावाचा बेत होता: माणसाची माहिती यंत्रात भरायची आणि त्यातून त्याचं संगीत काढायचं. त्यावरून सांगतात की मेहेरबाबांची माहिती सिंथेसायझरला दिली आणि हे सूर निघाले. ध्वनिमुद्रणात मात्र वाजतो तो लोरी कंपनीचा घरगुती ऑर्गन. त्यातल्या 'मरिम्बा रिपीट'मुळे पट्टी दाबून धरली की सूर आपोआप ठेक्यात उमटत राहतो. बाबांची प्रेरणा खरी, यंत्राची कथा रचलेली.

आता 'रायली'. हा अमेरिकन संगीतकार टेरी रायली. छोटे स्वरगुच्छ पुन्हापुन्हा फिरवण्याची त्याची रीत टाउनशेंडनं उचलली. पण रायलीकडे ती आली कुठून? १९७०मध्ये तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. त्याच घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं, सवाई गंधर्वांना घडवलं, आणि तिथून गाणं भीमसेन जोशींकडे आलं. वंशावळ मोहात पाडणारी आहे, पण तारखा आडव्या येतात: याच रीतीची रायलीची 'इन सी' ही रचना १९६४ची. म्हणजे किराण्याची दीक्षा नंतरची.

गाण्याचं मूळ भारतीय न मानणारे म्हणतात, आवर्तनं टेपमधून आली. १९६३मध्ये पॅरिसला रायलीनं चेट बेकरच्या ट्रम्पेटवर टेपची वेटोळी फिरवली होती. मला हे मान्य आहे, पण अर्धंच. टेप आवर्तन देते. स्थिर आधारसूर देत नाही. तो धागा बर्कलीतल्या त्याच्या मित्राकडे, ला माँट यंगकडे जातो. उस्ताद अली अकबर खाँची १९५५ची अमेरिकेतली तबकडी ऐकून यंगला तंबोऱ्याच्या नादानं झपाटलं होतं.

आणि गाणं ऐका. गिटार आणि पियानो एफ, सी, बी-फ्लॅट असे स्वरमेळ बदलतात, ऑर्गन मात्र आपल्या जागी ठाम. त्यात एफ आणि सी घट्ट घुमतात, आपल्या हिशेबानं षड्ज आणि पंचम. तंबोऱ्याच्या तारा सहसा याच सुरांत लावतात. माझं ठाम मत आहे की गाण्याची फिरकी टेपची आहे आणि बैठक तंबोऱ्याची.

गाणं आयरिश वळणाचं मानणाऱ्यांचा युक्तिवाद शेवटच्या व्हायोलिनवर उभा आहे. ते डेव्ह आर्बसनं वाजवलं. लय चढत जाते, जिगचा भास होतो, नावातही 'ओ' आहे. चाल आयरिश असेल, पण ती धावू शकते ती खालचा सूर हलत नाही म्हणून. द्रुत तानेखाली तंबोरा हलत नाही, तसंच.

भोसरीतल्या दुसऱ्या पाळीनंतर रात्री मी हे गाणं ऐकायचो. गिटारपेक्षा त्याखालचा अचल सूर आवडू लागला, आणि तोच शोधत मी सवाई गंधर्व महोत्सवात जाऊन बसलो. तंबोरे जुळताना मला पुढच्या ख्यालाइतकाच आनंद होतो. रॉक सोडून मी शास्त्रीयाकडे वळलो असं मित्र म्हणतात. मी मात्र एकाच सुराचा माग काढत आलोय. तुमच्याकडे तंबोऱ्याचं ॲप असेल तर त्याचा षड्ज एफला लावून हे गाणं त्याच्याबरोबर वाजवा. पुरावा तिथेच मिळेल.