लहान गावातील घरबांधणीचा परवाना : जमीन आणि इमारत यांचा दुहेरी इतिहास

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी राहते घर बांधू पाहणाऱ्याला दीर्घकाळ दोन स्वतंत्र सत्तांची संमती मिळवावी लागत आली आहे : जमीन कोणत्या कामासाठी वापरावी हे ठरवणारी महसूल यंत्रणा आणि त्या जमिनीवर इमारत कशी उभी राहावी हे पाहणारी स्थानिक संस्था. या दुहेरीपणाचा दोष सहसा कचेरीतील दिरंगाईवर ढकलला जातो. परंतु त्याची मुळे निरनिराळ्या हेतूंनी झालेल्या कायद्यांत आहेत.

ब्रिटिशपूर्व गावगाड्यात वस्तीची जमीन ‘पांढरी’ आणि पिकाची जमीन ‘काळी’ म्हणून ओळखली जाई. पांढरीतील घराची जागा, बोळ, सांडपाणी किंवा सामाईक भिंत यांवरून उद्भवलेला तंटा पाटील-कुलकर्णी आणि गोतसभा, म्हणजे वतनदार व जातप्रमुखांची सभा, यांच्यापुढे येई आणि निवाडा ‘महजर’ या साक्षीपत्रात नोंदला जाई. नवी पेठ वसवायची असेल तर काही वर्षांच्या करमाफीचा ‘कौल’ देऊन लोकांना बोलावले जाई, त्यामुळे तेथे घर बांधणारा हा हवाहवासा माणूस होता. पेशवाईतील पुण्यात घरे व जागा यांच्या खरेदी-विक्रीची नोंद कोतवालाच्या कचेरीत होत असे; मात्र बांधकामापूर्वी आराखडा दाखवून मंजुरी घेण्याची आजच्या अर्थाची पद्धत नगरपालिकांबरोबर आली.

१८५० च्या कायद्याने गावातील रहिवाशांच्या इच्छेवरून नगरपालिका स्थापण्याची सोय केली आणि तिच्या आधारे १८५२ मध्ये पनवेल, १८५५ मध्ये पंढरपूर येथे नगरपालिका उभ्या राहिल्या. त्यांची पहिली चिंता घराच्या सौंदर्याची नसून आरोग्याची होती, कारण गटारे, शौचकूप आणि अरुंद गल्ल्या यांचा पटकीसारख्या साथींशी असलेला संबंध तेव्हा प्रशासनाला जाणवू लागला होता. १८९६ च्या प्लेगने ही चिंता तीव्र केली, आणि उजेड, वारा व घराभोवतीची मोकळी जागा हे विषय बांधकामाच्या नियमांत ठळक झाले. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात घर बांधणाऱ्याने नगरपालिकेला आधी लेखी सूचना द्यावी आणि नगरपालिकेने त्यावर हुकूम काढावा, अशी रचना होती. आपण काय बांधणार आहोत हे नागरिक कळवतो आणि संस्था आवश्यक तेथे अटी घालते, ही त्यामागची भूमिका पुढील काळातील ‘परवानगी मागण्या’पेक्षा अधिक सुज्ञ होती, असेच म्हणावे लागेल.

दुसरा प्रवाह शेतसाऱ्याचा होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या ६५ व्या कलमाने शेतकऱ्याला शेतीच्या सोयीसाठी बांधकाम करण्याची मुभा दिली, पण इतर कामासाठी जमीन वापरायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी बंधनकारक केली. हीच ‘बिनशेती’ किंवा बोलीभाषेतील ‘एनए’. घर सुरक्षित आहे काय, हा प्रश्न तिला पडत नसे. वापर बदलल्यावर सरकारला किती आकार मिळावा, हा तिचा विषय होता. १९६६ मध्ये हे दोन्ही प्रवाह एकाच वर्षी नव्याने बांधले गेले, तरी ते एकत्र आणले गेले नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने नियोजन प्राधिकरणाला निर्णयासाठी ६० दिवस दिले, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्याला ९० दिवस दिले आणि मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची, म्हणजे ‘मानीव’ परवानगीची, तरतूद दोन्हींत ठेवली. पुढे नगररचना अधिनियमातील मानीव परवानगीला, बांधकाम सर्व नियमांशी काटेकोरपणे जुळत असेल तरच, ही अट जोडली गेली. सामासिक अंतर, म्हणजे भूखंडाच्या हद्दीपासून सोडायची जागा, थोडी कमी पडली तरी ते संरक्षण डळमळू लागले.

या रचनेचा सर्वांत मोठा भार गावठाणाच्या कडेला राहणाऱ्यांवर पडला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा हेतू शेतीचे तुकडे पडून ती परवडेनाशी होऊ नये हा होता आणि तो रास्त होता. पण गावे वाढली तसे शिक्षक, कामगार, छोटे व्यापारी यांनी शेतकऱ्यांकडून एक-दोन गुंठे जमीन विकत घेऊन घरे बांधली. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. अशा भूखंडाला मंजूर रेखांकन नसे, बिनशेती आदेश नसे, त्यामुळे नकाशा मंजूर होत नसे, बँकेचे कर्जही अवघड होई. ही वस्ती ‘गुंठेवारी’ म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि ती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

दोन प्रवाहांमधील अंतर कमी करण्याचे प्रयत्न अलीकडचे आहेत. २०१४ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ४२-अ आणि नंतर आणखी कलमे घालून विकास योजनेच्या क्षेत्रात व गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंत स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज बऱ्याच अंशी दूर केली गेली. डिसेंबर २०२० मधील एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने बहुतेक राज्याला एकच नियम लागू केले आणि १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी प्रक्रिया अगदी सोपी केली. मधल्या काळात अनेक तालुका-गावे ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेली, आणि कालपर्यंत गावठाणात ग्रामपंचायतीकडे अर्ज करणाऱ्याला जोते तपासणी व भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहण्यास योग्य असल्याचा दाखला, हे टप्पे नव्याने समजून घ्यावे लागले. गुंठेवारी कायद्यात नियमित करण्यायोग्य वस्तीसाठी मुळात १ जानेवारी २००१ ही मर्यादा होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे न्यावी लागली. मधल्या वीस वर्षांतही लहान माणसाच्या घराला वेळेवर परवाना मिळेल अशी व्यवस्था राज्याला उभी करता आली नाही.