वाचकाची वाट

ग्रंथ उत्तम असून त्यांतील हवें तें पान सांपडत नसेल, तर त्या उत्तमपणाचा वाचकास उपयोग काय? हा प्रश्न जुनाच आहे. अनुक्रमणिका व विषयसूचि हीं त्याचींच उत्तरें होत. परंतु ग्रंथास पहिलें पान असतें आणि शेवटचेंहि असतें. संगणकाच्या जाळ्यावरील संकेतस्थळास ही मर्यादा नाहीं. तेथें वाचक कोणत्याहि पानावर अकस्मात् येऊन उभा राहतो. आणि आपण कोठें आहों, येथून कोठें जातां येईल व परत कसें फिरावें, हे तीन प्रश्न त्यास पडतात. संकेतस्थळें रचणाऱ्यांनीं या प्रश्नांस कितपत मान दिला, हें पाहणें बोधप्रद होईल असें आम्हांस वाटतें.

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जी योजना मांडली, तिच्या मुळाशीं शोभेचा विचार नव्हता. संस्थेंतील माहिती हरवूं नये, हा हेतु होता. १९९१ सालीं जगापुढें आलेलें पहिलें संकेतस्थळ निव्वळ अक्षरांचें होतें. तें दिसावयास रुक्ष खरें. पण कोणत्या शब्दावरून पुढें जातां येतें, हें तेथें स्पष्ट कळे.

१९९३ सालीं इलिनॉय विश्वविद्यालयांत तयार झालेल्या 'मोझेइक' या न्याहाळकानें मजकुराशेजारींच चित्रें दाखविलीं, आणि ही विद्या लोकप्रिय झाली. चित्रांबरोबर मोहहि आला. शतकाच्या अखेरीस कित्येक स्थळांच्या दारांतच 'फ्लॅश'च्या हलत्या चित्रांचे सोहळे मांडले जाऊं लागले. आणि मौज ही कीं, तो सोहळा वगळण्याची कळहि तेथेंच ठेवावी लागे! जी शोभा वगळण्याची सोय मांडणाऱ्यासच करावी लागते, ती कोणाकरितां मांडलेली असते?

या मोहावर उतारा लवकरच निघाला. १९९९ च्या मे महिन्यांत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें सुगमतेचे नियम प्रसिद्ध केले. चित्र व ध्वनि यांस समानार्थी पर्याय द्यावा, हा त्यांतील पहिलाच नियम. अंध वाचक पडद्यावरील मजकूर यंत्राकडून वाचवून घेतो. ज्या चित्राच्या कळीस शब्द नाहीं, ती त्याच्यापुरती भिंतच होय. पुढें २००० सालीं स्टीव्ह क्रूग यांचें पुस्तक निघालें. 'मला विचार करावयास लावूं नका' अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. अध्यापकाच्या कानास तें प्रथम खटकतें. परंतु विचार विषयाचा करावा, दाराच्या कडीचा नव्हे, एवढेंच त्याचें तात्पर्य.

तरी मोह सरला नाहीं. खिशांतल्या दूरध्वनीच्या लहान पडद्यावर स्थळाची सारी सूचि तीन आडव्या रेघांमागें दडविण्याची चाल पडली. ती खूण १९८१ च्या झेरॉक्स स्टार यंत्रावरची. जागा वांचते हें खरें. पण जें डोळ्यांआड राहतें, तें पुष्कळांस आहे हेंच कळत नाहीं. आज दाखल्याचा अर्ज, परीक्षेचा निकाल, रुग्णालयांतील वेळ, सर्व याच वाटेनें मिळवावें लागतें. तेव्हां वाट चुकलेला मनुष्य केवळ कंटाळत नाहीं, आपल्या हक्कास मुकतो.

शोभा आणि सोय यांचें वैर आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. नदीचा घाट सुंदर दिसतो. पण त्याच्या पायऱ्या लहानथोर सर्वांस पाण्यापर्यंत नेतात, हेंच त्याच्या सौंदर्याचें मर्म. संकेतस्थळ रचणाऱ्यानें आधीं पायरी नीट बसवावी. नक्षी मागाहून कोरतां येते.