खोटं बोलणारा काटा

औषधांच्या कारखान्यात देखभाल विभागात मी बरीच वर्षं काढली. नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. सलाइनच्या बाटल्या वाफेने निर्जंतुक करणारी मोठी पेटी, म्हणजे ऑटोक्लेव्ह, चालू होती. तापमानाचा काटा मध्येच खाली घसरला. जुन्या ऑपरेटरने काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "साहेब, लक्ष देऊ नका. हा नेहमीच खोटं बोलतो." मीही हसलो.

ती टिचकी किती महागात पडू शकते, हे मला पुढे इंग्लंडमधल्या एका प्रकरणाबद्दल वाचताना कळलं. मार्च १९७२ मध्ये प्लिमथ शहरातल्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात काही रुग्णांना शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं गेलं. त्या बाटल्यांत जंतू होते. पाच रुग्ण दगावले. सरकारने क्लोदियर समिती नेमली, आणि चौकशीचा धागा लिव्हरपूलजवळच्या स्पीक इथल्या कारखान्यापर्यंत, एप्रिल १९७१ पर्यंत मागे गेला.

घडलं होतं ते असं. वाफ हवेपेक्षा हलकी असते. पेटीत वाफ सोडली की हवा तळाशी जाते आणि खालच्या नळीवाटे बाहेर पडते. त्या दिवशी ती पडली नाही. हवा तळाशीच कोंडली आणि खालच्या बाटल्यांना पुरेशी उष्णता मिळालीच नाही. यंत्राने हे लपवलं होतं का? मुळीच नाही. तापमान नोंदवणारं उपकरण तापमान चढत नसल्याचं दाखवत होतं. पण दुसरी मापकं ठीक होती. तेव्हा नोंदणारं उपकरणच बिघडलं असावं, असं समजून काम पुढे रेटलं गेलं. नमुन्याच्या चाचणीतूनही तो माल पार झाला. निर्जंतुकीकरण म्हणजे बेताच्या कौशल्याचं, सोपं काम, या समजुतीवर समितीने नेमकं बोट ठेवलं.

आता काळ बदलला आहे. पंपाच्या बेअरिंगची थरथर, मोटरला लागणारी वीज, पेटीतली हवा काढायला लागणारा वेळ, हे सगळं संवेदक टिपतात. त्यातला बारीक फरक पाहून संगणक बिघाडाची आगाऊ सूचना देतो. भाग तुटण्याआधीच बदलता येतो. ही सोय मोठीच आहे. पण स्पीकलाही सूचना मिळाली होतीच की! कमी पडला तो तिच्यावरचा विश्वास.

हे वाचल्यावर मी आमचा तो काटा तपासून घेतला. तो खरोखरच बिघडलेला निघाला. म्हणजे ऑपरेटरचं म्हणणं खरं होतं. पण मला त्याचीच जास्त भीती वाटली. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. रोज खोटं बोलणारा काटा माणसाला खऱ्या इशाऱ्याकडेही पाठ फिरवायला शिकवतो. म्हणून माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी एकच सांगत आलो: यंत्राच्या आधी, यंत्राची खबर देणाऱ्याची देखभाल कर. बाटलीपलीकडचा रुग्ण तो काटा कधीच पाहत नाही. त्याच्या वतीने तो आपणच पाहायचा असतो.